चावडी आणि बटवडा

२१ डिसेंबर २०१७ रोजी उत्तर चेन्नईतल्या मतदानकेंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलेल्या मतदारासमोर टेबलावर चार मतदानयंत्रे शेजारी शेजारी मांडलेली होती. एका यंत्रावर सोळा बटणे असतात. उमेदवार होते ५९ आणि शेवटी ‘नोटा’चे एक बटण. साठ बटणांसाठी चार यंत्रे लागली. एवढ्या गर्दीत आपले चिन्ह शोधायचे, बोट ठेवायचे आणि शाई लावलेले बोट घेऊन बाहेर यायचे. भरायची जागा मात्र एकच होती. मतदारसंघाचे पूर्ण नाव डॉ. राधाकृष्णन नगर, पण सगळ्यांच्या तोंडी ते आर. के. नगर. इथल्या आमदार आणि राज्याच्या मुख्यमंत्री जे. जयललिता ५ डिसेंबर २०१६ रोजी वारल्या, तेव्हापासून ही जागा रिकामी होती. वर्ष उलटून गेले होते.

तमिळमध्ये मतदानकेंद्राला ‘वाक्कुच्चावडी’ म्हणतात. वाक्कु म्हणजे मत, आणि चावडी म्हणजे चावडीच. मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना गावच्या पाराशेजारची ओसरी आठवते. आणखी एक शब्द असाच ओळखीचा निघतो. मतदारांना पैसे वाटण्याला तमिळ वर्तमानपत्रे ‘पणप्पट्टुवाडा’ लिहितात. पणम् म्हणजे पैसा. पट्टुवाडा म्हणजे आपला बटवडा; फौजेच्या आणि गिरणीच्या पगाराचा व्हायचा तोच. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. दोन्ही भाषांची देवाणघेवाण तर त्याहून जुनी. त्यामुळे हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसावेत यात नवल नाही. पोटनिवडणुकीला मात्र तमिळ शब्द वेगळा आहे. तिथे तिला ‘इडैत्तेर्दल’ म्हणतात, म्हणजे मधली निवडणूक.

चेन्नईतल्या मधल्या निवडणुकांचा इतिहास हा चावडी आणि बटवडा यांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. त्यात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न उभा राहतो. विधानसभेतली रिकामी जागा असते तरी कुणाची? ती सोडणाऱ्या आमदाराची, तिच्यावर बसू पाहणाऱ्या नेत्याची, पक्षाची, की जिथून ती भरायची त्या वस्तीची?

कायद्याच्या पुस्तकात उत्तर सरळ आहे. आमदार वारला, राजीनामा देऊन गेला किंवा अपात्र ठरला, की निवडणूक आयोगाने अधिसूचना काढायची आणि मतदारांनी नवा प्रतिनिधी निवडायचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे आरंभापासून आहे. पण किती दिवसांत, ते लिहिलेले नव्हते. १९९६ च्या दुरुस्तीने कलम १५१-क आले आणि सहा महिन्यांची मुदत ठरली. त्यालाही दोन वाटा ठेवल्या. सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर निवडणूक नाही, आणि मुदतीत निवडणूक घेणे कठीण आहे असे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तरीही ती पुढे जाऊ शकते. या दोन्ही वाटा चेन्नईने पाहिल्या आहेत.

दुसरी सहा महिन्यांची मुदत खुद्द राज्यघटनेत आहे, आणि मद्रासच्या राजकारणाला वळण दिले ते तिनेच. कलम १६४ सांगते की आमदार नसलेला माणूस मंत्री किंवा मुख्यमंत्री होऊ शकतो, पण सहा महिन्यांत त्याने विधिमंडळात आले पाहिजे. यायचे कुठून? मद्रासमध्ये पूर्वी विधान परिषद होती, तेव्हा उत्तर सोपे होते. १९५२ साली राजाजी मुख्यमंत्री झाले ते राज्यपालांनी परिषदेवर नेमल्यामुळे. निवडणुकीच्या मैदानात ते उतरलेच नाहीत. शाळकरी मुलांनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा, अशी त्यांची प्राथमिक शिक्षणाची योजना जातिव्यवस्था पक्की करणारी आहे म्हणून राज्य पेटले. १९५४ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले.

त्यांच्या जागी आलेले के. कामराज त्या वेळी लोकसभेचे सदस्य होते. परिषदेचे दार त्यांनाही उघडे होते. त्यांनी ते टाळले आणि वेलूरजवळच्या गुडियात्तम मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवून ते विधानसभेत आले. समोर कम्युनिस्ट उमेदवार होता. अण्णादुराईंच्या द्रमुकने, एरवी काँग्रेसशी उभा दावा असताना, कामराजांना पाठिंबा दिला. ज्या मुख्यमंत्र्याला सामान्य मतदाराने निवडलेले नाही त्याची गादी कच्ची, हे कामराजांनी ओळखले होते. गुडियात्तमचे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

सगळेच कामराजांच्या वाटेने गेले नाहीत. १९६७ साली द्रमुकने काँग्रेसला पाडले, तेव्हा अण्णादुराई दक्षिण मद्रासमधून लोकसभेवर निवडून आले होते. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांनी विधान परिषदेचा मार्ग धरला. त्यांनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर पोटनिवडणुकीत मुरसोली मारन आले.

महाराष्ट्रात ही सोय आजही आहे. पृथ्वीराज चव्हाण परिषदेतून आले. उद्धव ठाकरे यांची सहा महिन्यांची मुदत करोनाच्या टाळेबंदीत संपत आली असताना मे २०२० मध्ये ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले, आणि त्यांच्यासाठी कुण्या आमदाराला घर रिकामे करावे लागले नाही. तमिळनाडूत हे दार १ नोव्हेंबर १९८६ रोजी बंद झाले. एम. जी. रामचंद्रन, म्हणजेच एमजीआर, यांच्या सरकारने विधान परिषदच बरखास्त करून घेतली. त्यानंतर आमदार नसलेल्या मुख्यमंत्र्याला एकच रस्ता उरला, तो म्हणजे पोटनिवडणूक. त्यासाठी रिकामी जागा हवी, आणि ती नसेल तर कुणीतरी करून द्यायला हवी. तमिळनाडूत आमदाराने नेत्यासाठी जागा खाली करण्याची प्रथा रुजली, तिचे मूळ निष्ठेत जेवढे आहे तेवढेच या बंद दारात आहे.

या प्रथेचा पहिला मोठा प्रसंग चेन्नईपासून दूर, तेनी जिल्ह्यातल्या आंडिपट्टीचा. २००१ च्या निवडणुकीत जयललितांचे चारही अर्ज फेटाळले गेले होते; त्याचे मुख्य कारण तानसी जमीन प्रकरणात त्यांना झालेली शिक्षा. पक्ष प्रचंड बहुमताने आला आणि १४ मे रोजी त्या मुख्यमंत्री झाल्या. २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती नेमणूक अवैध ठरवली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. आंडिपट्टीचे आमदार तंग तमिळसेल्वन यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २००२ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली आणि २ मार्चला जयललिता पुन्हा मुख्यमंत्री झाल्या.

त्याच वर्षी ३१ मे रोजी खुद्द चेन्नईत, सैदापेटला, पोटनिवडणूक झाली. वर्षापूर्वी द्रमुकने जिंकलेली ही जागा. तिथला आमदार वारला होता. मतदानाच्या दिवशी हाणामाऱ्या झाल्या, केंद्रे ताब्यात घेतल्याचे आरोप झाले, आणि जयललितांच्या अण्णाद्रमुकचे नट राधा रवी निवडून आले. त्यांचे वडील एम. आर. राधा. १९६७ च्या जानेवारीत एमजीआर यांच्यावर गोळी झाडणारे नट ते हेच. त्यांचा मुलगा एमजीआर यांनी काढलेल्या पक्षाचा आमदार म्हणून सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या विधानसभेत बसला. मद्रासचा सिनेमा आणि मद्रासचे सरकार यांच्यात भिंत कधीच नव्हती.

राजीनामे नेहमी नेत्यासाठीच दिले गेले असेही नाही. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत द्रमुकचा धुव्वा उडाला. पक्षाचे नेते करुणानिधी बंदरालगतच्या हार्बर मतदारसंघातून ८९० मतांनी वाचले, आणि पराभवाची जबाबदारी घेऊन त्यांनी तीही जागा सोडली. तो राजीनामा उमदा होता यात शंका नाही. तरी त्याला दुसरी बाजू आहे. इतक्या थोड्या मतांच्या फरकाने ज्यांनी त्यांना निवडून दिले, त्या गोदीकामगारांना आणि जॉर्ज टाऊनच्या दुकानदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागणार होते. आमदारकी सोडताना मतदाराला विचारायचे असते, हे आपल्याकडे कुठल्याच पक्षाच्या मनात येत नाही.

बटवडा या काळात वाढत गेला. जानेवारी २००९ मध्ये मदुरैजवळच्या तिरुमंगलमला पोटनिवडणूक झाली आणि तमिळ राजकारणाला एक नवा शब्दप्रयोग मिळाला, ‘तिरुमंगलम सूत्र’. मतदारयादी हाती घ्यायची आणि घरटी नव्हे, मतागणिक पैसे पोचवायचे, ही ती पद्धत. सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीत पाकीट घालून ते दारात टाकले गेले, असे वर्णन अमेरिकी वकिलातीच्या एका तारेत होते, आणि २०११ मध्ये विकिलीक्सच्या कागदांतून ते छापून आले. जिंकला सत्ताधारी द्रमुक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाच जागांच्या पोटनिवडणुकांवर अण्णाद्रमुकने बहिष्कार टाकला. पुढे सत्ता फिरली आणि बहिष्काराची पाळी द्रमुकवर आली. सत्तेत नसताना पोटनिवडणूक जिंकता येत नाही, ही समजूत दोन्ही घरांत सारखीच मुरली. ती पुरती खरी नाही, पण सत्तेत असलेल्या मंत्र्यांचा अख्खा ताफा एका मतदारसंघात महिनाभर मुक्काम ठोकून बसलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ती समजूत कुठून आली हे सांगावे लागत नाही.

आता आर. के. नगर. सेंट जॉर्ज किल्ल्यातून उत्तरेला निघाले की जॉर्ज टाऊन ओलांडून वण्णारपेट लागते, इंग्रजीतले वॉशरमनपेट. कंपनीच्या कापडाच्या व्यापारात कोरे कापड धुऊन पांढरे करणाऱ्यांची ही वस्ती. पलीकडे तोंडियारपेट आणि कोरुक्कुपेट, समुद्राच्या अंगाला कासिमेडूचे मासेमारी बंदर. कोरुक्कुपेटच्या रेल्वे फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत ताटकळणे, अरुंद गल्ल्या, तुंबणारी गटारे, पिण्याच्या पाण्याची ओढ. दक्षिण चेन्नईच्या संगीतसभा आणि रेशमी साड्यांच्या पेठांपासून हे शहर दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि फार लांब आहे. इथले लोक कोळी, गोदीत आणि कारखान्यांत राबणारे, हातगाडीवाले, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाया. त्यांच्या नावाने २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत जेवढे पाणी वाहिले, तेवढे त्यांच्या नळांना कधी आले नाही.

२०११ मध्ये इथून अण्णाद्रमुकचे पी. वेट्रिवेल निवडून आले होते. २७ सप्टेंबर २०१४ रोजी बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात जयललितांना चार वर्षांची शिक्षा आणि १०० कोटी रुपये दंड सुनावला. वर्षभरापूर्वीच, लिली थॉमस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांना अपिलापर्यंत मिळणारे संरक्षण काढून टाकले होते. त्यामुळे त्यांचे पद त्याच दिवशी गेले. त्यांची श्रीरंगमची जागा रिकामी झाली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथे पोटनिवडणूक होऊन एस. वळर्मती निवडून आल्या. ११ मे रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने जयललितांना सोडले. आता त्यांना परत येण्यासाठी मतदारसंघ हवा होता. १७ मे रोजी वेट्रिवेल यांनी राजीनामा दिला. २३ मे रोजी जयललितांनी शपथ घेतली आणि २७ जूनला आर. के. नगरमध्ये मतदान झाले.

द्रमुकसह मोठ्या पक्षांनी बहिष्कार घातला. समोर उरले ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सी. महेंद्रन आणि काही अपक्ष. जयललितांना १,६०,४३२ मते पडली, महेंद्रन यांना ९,७१०. त्या सोडून सगळ्यांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. १९५४ मध्ये कामराजांसमोर कम्युनिस्ट होता, २०१५ मध्ये जयललितांसमोरही. फरक एवढाच, की गुडियात्तमला इतर पक्षांनी कामराजांना मन मोठे करून साथ दिली होती आणि आर. के. नगरमध्ये इतर पक्ष मैदानच सोडून गेले होते. महेंद्रन यांनी ती निवडणूक लढवली याचे मोल त्या ९,७१० आकड्यावरून ठरवू नये. ते उभे राहिले म्हणून मतदाराला निवडायला काही तरी उरले.

वर्षभरात, मे २०१६ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक आली. या वेळी द्रमुक रिंगणात होता, आणि जयललितांची आघाडी दीड लाखांवरून ३९,५४५ वर आली. वेट्रिवेल यांना पक्षाने शेजारच्या पेरंबूरमधून उभे केले आणि ते जिंकले. डिसेंबरात जयललिता गेल्या. पक्षाची दोन शकले झाली. एकीकडे जयललितांच्या निकटच्या सहकारी शशिकला आणि त्यांचे भाचे टी. टी. व्ही. दिनकरन, दुसरीकडे ओ. पन्नीरसेल्वम. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता खटल्यातली मूळ शिक्षा कायम केली आणि शशिकला तुरुंगात गेल्या. अम्मांची, म्हणजे जयललितांची, जागा कुणाकडे जाणार हा प्रश्न अम्मांचा वारस कोण, असाच विचारला जाऊ लागला. कोरुक्कुपेटच्या फाटकाबद्दल कुणी बोलेना.

१२ एप्रिल २०१७ ही मतदानाची तारीख ठरली. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने अण्णाद्रमुकचे ‘दोन पाने’ हे चिन्ह गोठवले. या चिन्हाचा जन्मच एका पोटनिवडणुकीतला. एमजीआर यांनी नवा पक्ष काढल्यावर मे १९७३ मध्ये दिंडिगुल लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराने, माया तेवर यांनी, ते घेतले, जिंकले आणि ते पक्षाचेच झाले. चव्वेचाळीस वर्षांनी दुसऱ्या पोटनिवडणुकीपायी ते थांबले. दिनकरन यांना टोपी मिळाली. पन्नीरसेल्वम गटाच्या ई. मधुसूदनन यांना विजेचा खांब. मधुसूदनन याच भागाचे जुने कार्यकर्ते, १९९१ मध्ये इथूनच आमदार झालेले.

७ एप्रिलला आयकर विभागाने आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांच्याकडे छापे घातले. तिथे सापडलेल्या म्हणून सांगितलेल्या कागदांत एक हिशेब होता: २,२४,१४५ मतदार, प्रत्येकी ४,००० रुपये, एकूण सुमारे ८९ कोटी ६५ लाख. विजयभास्कर यांनी आरोप फेटाळले. उमेदवाराला विधानसभेसाठी तेव्हा कायद्याने २८ लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात तमिळनाडूच्या निवडणुकीची सगळी दुखणी मावतात. मतदानाला तीन दिवस उरले असताना, ९ एप्रिलच्या रात्री, आयोगाने निवडणूक रद्द केली. आदेशात वाटपाच्या तऱ्हा नोंदलेल्या आहेत: मोबाइल रिचार्जची कुपने, वर्तमानपत्राची वर्गणी, दुधाचे टोकन, जनधनसारख्या खात्यांत जमा केलेले पैसे. वर्षभरापूर्वी अरवकुरिची आणि तंजावरची मतदाने पैशांपायी रद्द झाली होती, तेव्हा विधानसभा निवडणुकीत देशात असे प्रथमच घडले होते. आता पाळी राजधानीची आली.

या सगळ्याला मतदारच जबाबदार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते पूर्ण खरे नाही. तोंडियारपेटच्या एका खोलीत चार मते असतील तर ४,००० च्या हिशेबाने सोळा हजार होतात. शिलाईच्या कारखान्यात महिनाभर बसून तेव्हा जेवढे हाती यायचे त्याहून ही रक्कम मोठी होती. तिला नाही म्हणायला धैर्य लागते, आणि ज्यांच्यापुढे असा प्रश्न कधी आला नाही त्यांनी ते धैर्य दुसऱ्याकडून मागू नये. आयोगाने निवडणूक रद्द केली तेव्हा वाटणाऱ्यांचे फार काही बिघडले नाही. पैसे वाटल्याच्या तक्रारीवरून दाखल झालेला गुन्हा पुढे न्यायालयात टिकला नाही. शिक्षा भोगली ती मतदारसंघाने; त्याला आणखी आठ महिने आमदाराविना राहावे लागले. जूनमध्ये कायद्याची सहा महिन्यांची मुदतही उलटली. वर्ष संपायच्या आत निवडणूक घ्या, असे शेवटी मद्रास उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

डिसेंबरपर्यंत पट पुन्हा उलटा झाला होता. पन्नीरसेल्वम आणि आधी शशिकलांच्या बाजूला असलेले मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिस्वामी एक झाले, दोन पाने त्यांना परत मिळाली आणि मधुसूदनन आता अधिकृत उमेदवार झाले. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी याच चिन्हासाठी लाच देऊ केल्याच्या आरोपावरून अटक केलेले आणि जामिनावर सुटलेले दिनकरन अपक्ष म्हणून उतरले. त्यांना प्रेशर कुकर मिळाला.

मतदानाच्या आदल्या दिवशी एक चित्रफीत बाहेर आली. इस्पितळातल्या खाटेवर जयललिता पेल्यातून काही पीत आहेत, एवढीच. ती पत्रकारांच्या हाती देणारे होते पी. वेट्रिवेल, अडीच वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी हीच जागा सोडणारे. आयोगाने ती दाखवायला मनाई केली, पण तोवर ती हातोहात पसरली होती. आजारी बाईचे तिच्या परवानगीविना घेतलेले ते दृश्य मतांसाठी बाहेर काढले गेले, हे त्या निवडणुकीतले सर्वांत दुःखद पान आहे.

आणि वीस रुपयांची नोट. गल्लोगल्ली बोलले गेले, विरोधकांनी जाहीर आरोपही केला, की मतदाराच्या हातात वीस रुपयांची एक नोट ठेवली जाते. तिच्यावरचा क्रमांक म्हणजे टोकन, निकालानंतर ती दाखवायची आणि हजारोंची रक्कम घ्यायची. दिनकरन यांच्या बाजूने हे नाकारले गेले. भरारी पथके मोठ्या रकमा शोधतात. कनवटीला लावलेली वीसची नोट कोण अडवणार? आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवले, तरी एवढे दिसते की त्या वस्तीत लोक नोटेकडे पाहताना आधी क्रमांक वाचू लागले होते.

मतदान ७७ टक्क्यांवर गेले. २४ डिसेंबरला मोजणी झाली. कुकरला ८९,०१३ मते, दोन पानांना ४८,३०६, द्रमुकच्या मरुदु गणेश यांना २४,६५१ आणि त्यांची अनामत जप्त. केंद्रात सत्तेत असलेल्या भाजपच्या उमेदवाराला १,४१७, तर ‘नोटा’ला २,३७३. दिनकरन यांची आघाडी ४०,७०७ ची, जयललितांना २०१६ मध्ये मिळाली होती त्याहून हजारभर जास्त. सत्ताधारी पोटनिवडणूक हरत नाहीत, हा समज त्या दिवशी मोडला. बरोबर आठवड्याने, ३१ डिसेंबरला, मूळचे शिवाजीराव गायकवाड असलेल्या रजनीकांत यांनी राजकारणात येण्याची घोषणा केली. ती त्यांनी तीन वर्षांनी मागे घेतली. आर. के. नगरने दाखवलेली फट किती जणांना खुणावत होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

मुंबईकराला हे सारे परके वाटू नये. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाल्यावर परळला झालेल्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक जिंकले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक तर बाळासाहेब ठाकरे यांच्या मतदानाच्या हक्कापर्यंत जाऊन पोचली. एका जागेच्या निवडणुकीत राज्याची पुढची दिशा दिसते, हा अनुभव दोन्ही शहरांचा आहे. बटवड्याचे एवढे तपशीलवार शास्त्र मात्र मद्रासनेच आधी घडवले.

वेट्रिवेल यांची गोष्ट इथे संपत नाही. १८ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे आर. के. नगरच्या मतदानाआधीच, विधानसभाध्यक्ष पी. धनपाल यांनी दिनकरन यांच्या बाजूच्या अठरा आमदारांना अपात्र ठरवले होते. त्यांत पेरंबूरचे वेट्रिवेल होते आणि आंडिपट्टीचे तंग तमिळसेल्वनही. जयललितांसाठी २००१ मध्ये जागा सोडणारा एक, २०१५ मध्ये सोडणारा दुसरा. दोघांनी एकेकदा आपल्या हाताने खुर्ची रिकामी केली होती; आता ती त्यांच्याखालून काढून घेतली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१८ च्या जूनमध्ये दोन न्यायमूर्तींची मते फाटली आणि ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी अपात्रता कायम केली. बहुतेक पोटनिवडणुका झाल्या त्या १८ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभेबरोबर. अठरा मतदारसंघ तोवर दीड वर्ष आमदाराविना होते. पेरंबूर त्यांतलाच. ही बिन्नी गिरणीच्या कामगारांची वस्ती, जिथे १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली. संघटनेचे मोल जाणणाऱ्या या भागाचे म्हणणे मांडायला सभागृहात दीड वर्ष कुणी नव्हते. वेट्रिवेल तिथून दिनकरन यांनी पुढे काढलेल्या पक्षातर्फे पुन्हा उभे राहिले आणि द्रमुकच्या आर. डी. शेखर यांच्याकडून हरले. आंडिपट्टीही द्रमुककडे गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये वेट्रिवेल करोनाने वारले.

त्याच २०२० साली चेन्नईच्या दोन जागा अशा रिकाम्या झाल्या, की त्या भरल्याच गेल्या नाहीत. २७ फेब्रुवारीला आर. के. नगरच्या उत्तरेला लागून असलेल्या तिरुवोट्टियूरचे आमदार, माजी मत्स्यव्यवसाय मंत्री के. पी. पी. सामी वारले. दुसऱ्याच दिवशी गुडियात्तमचे आमदार गेले; ते दहाच महिन्यांपूर्वी पोटनिवडणुकीत निवडून आले होते. कामराजांची गुडियात्तम ती हीच. १० जूनला चेपाक-तिरुवल्लिकेणीचे जे. अन्बळगन यांना त्यांच्या बासष्टाव्या वाढदिवशीच करोनाने नेले. विधानसभेची मुदत २४ मे २०२१ ला संपणार होती, म्हणून चेपाकसाठी वर्षाहून कमी काळ उरल्याची वाट लागू पडली. तिरुवोट्टियूर आणि गुडियात्तमला ती लागू नव्हती; तिथे दुसरी वाट वापरली गेली. सप्टेंबरच्या अखेरीस आयोगाने चार राज्यांतल्या सात जागांच्या पोटनिवडणुका न घेण्याचे ठरवले, त्यांत या दोन होत्या. साथीत लोकांना रांगेत उभे करू नये, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र त्याच महिन्यांत बिहारची अख्खी विधानसभा निवडली गेली, हेही लोकांनी पाहिले.

नोव्हेंबरमध्ये निवार वादळ आले. चेन्नईत पाऊस कोसळला, चेंबरम्बाक्कम तलावाची दारे उघडावी लागली, उत्तरेकडच्या कोळीवाड्यांत होड्या ओढून दोरांनी बांधल्या गेल्या. तिरुवोट्टियूरला त्या दिवसांत हाक मारायला आमदार नव्हता. २ मे २०२१ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा तिथून सामींचे भाऊ के. पी. शंकर निवडून आले. जागा चौदा महिने रिकामी राहिली होती.